‘गाडी कमी नाही, तुमचा हात कमी पडतो’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

स्पोर्ट बाईकच्या तुलनेवर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नव्हतं, म्हणून थोडा वेळ घेतला.

मूळ लेख ज्यांनी वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डुकाटी पानिगाले व्ही४, बीएमडब्ल्यू एस १००० आरआर आणि होंडा सीबीआर १००० आरआर-आर या मोठ्या गाड्यांबद्दल लिहून शेवटी मी म्हटलं होतं, की अधूनमधून ट्रॅकवर जाणाऱ्या बहुतेकांना त्यांच्यापेक्षा कमी ताकदीची नवी पानिगाले व्ही२ किंवा एप्रिलिया आरएस ६६० ‘जास्त वेगाने’ चालवता येईल. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. हा निष्कर्ष गाडीचा नसून माझ्या हाताचा आहे. आजची इलेक्ट्रॉनिक्स चालकाला सांभाळून घेतात, त्यामुळे कौशल्याचं तुणतुणं जुनं झालं. आणि घड्याळ खोटं बोलत नाही, घड्याळात मोठी गाडीच पुढे असते.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. ‘जास्त वेगाने’ हे शब्द मी वापरायला नको होते. गेल्या हंगामात एकाच दिवशी, एकाच ट्रॅकवर मी दोन गाड्या चालवल्या. सकाळी १००० सीसीची, दुपारी मित्राची मधल्या गटातली, सुमारे १०० अश्वशक्तीची. मोठ्या गाडीवर माझा सर्वांत चांगला लॅप (ट्रॅकची एक फेरी) जवळजवळ २ सेकंदांनी कमी वेळात झाला. हे मी लेखात लिहायला हवं होतं आणि लिहिलं नाही. तेवढा दोष माझा.

पण त्या दिवशी मी घड्याळ बघून घरी गेलो नाही. दोन्ही गाड्यांवर जीपीएस लॉगर (जागा आणि वेग नोंदवणारं उपकरण) लावला होता, त्याचे आलेख संध्याकाळी एकावर एक ठेवले. सर्वांत लांब वळणात मोठ्या गाडीवर माझा कमीत कमी वेग ताशी ८८ किलोमीटर होता, मधल्या गाडीवर ९७. ऐकायला हा फरक ९ किलोमीटरचा वाटतो. पण वळणात टायरवर येणारा बाजूचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, त्यामुळे तो फरक २१ टक्क्यांच्या वर जातो. मधल्या गाडीवर मी साधारण ४५ अंश झुकलो असेन, तर मोठ्या गाडीवर जेमतेम ४०. आणि टायर दोन्हीकडे एकाच जातीचे होते! ज्या गाडीचं सस्पेन्शन वरच्या दर्जाचं, ब्रेक जास्त ताकदीचे, मागचा टायर जास्त रुंद, तिच्यावर मी टायरच्या क्षमतेचा कमी वापर करत होतो.

असं का झालं हे आलेखात स्वच्छ दिसतं. मोठ्या गाडीवर सरळ पट्ट्याच्या शेवटी मी खूप जास्त वेगाने पोहोचत होतो. नजर ब्रेकच्या खुणेवर खिळायची, ब्रेक गरजेपेक्षा आधी आणि गरजेपेक्षा जास्त लागायचा, मग तो एकदम सोडून द्यायचा, आणि गाडी काही क्षण नुसतीच घरंगळायची, ना ब्रेक, ना रेस (थ्रॉटल). वळणाच्या मध्यात मी संथ. पण गाडी जरा सरळ झाली की मूठ पिळायची आणि गमावलेलं सगळं पुढच्या पट्ट्यावर व्याजासकट वसूल. लॅपचा आकडा चांगला, म्हणून मन समाधानी. मधल्या गाडीवर ही वसुली होत नाही. वळणात घालवलेला वेग पट्ट्यावर परत मिळत नाही, त्यामुळे चूक झाकली जात नाही.

मला सांगायचं होतं ते एवढंच, आणि मूळ लेखात ते मी नीट मांडलं नाही. जास्त ताकदीची गाडी चालकाच्या चुका लपवते. त्यामुळे नुसत्या लॅप टाइमवरून ना गाडी कळते ना चालवणारा.

तुम्ही म्हणाल, मग मोठ्या गाडीवरच वळणं सुधारा, छोटी गाडी कशाला? सुधारता येतात, जरूर येतात. फक्त त्यासाठी पट्ट्यावरच्या वेगाकडे दुर्लक्ष करायची शिस्त लागते, आणि २०० च्या वर अश्वशक्ती मुठीत असताना ती पाळणारे मी फार थोडे पाहिले आहेत. होंडाची ती ट्रिपल आर गाडी घ्या. २०२० च्या मॉडेलचं इंजिन ८१ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ४८.५ मिलिमीटर स्ट्रोकचं (पिस्टनच्या प्रवासाचं), म्हणजे खूप रुंद आणि आखूड. १६० किलोवॅटची पूर्ण ताकद मिळते ती मिनिटाला १४,५०० फेऱ्यांवर. ही रचना शर्यतीतून आली आहे आणि तिथे ती अप्रतिम आहे. पण जो चालक वळणातून ७,००० फेऱ्यांवर बाहेर पडतो, त्याच्या वाट्याला यातलं काय येतं? त्याने विकत घेतलेली ताकद त्या लॅपमध्ये त्याला क्वचितच भेटते.

आता इलेक्ट्रॉनिक्स. मी त्यांच्या विरोधात नाही, कोणीही एबीएस (ब्रेक लागताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद करून चालवावं असं मी कधी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. २००९ मध्ये एस १००० आरआर आली ती १९३ अश्वशक्ती आणि सोबत ट्रॅक्शन कंट्रोल व रेस एबीएसचा पर्याय घेऊन. २०१५ च्या यामाहा आर१ मध्ये गाडीचं झुकणं, उठणं, वळणं आणि तिन्ही दिशांचं त्वरण एकत्र मोजणारा सहा अक्षांचा सेन्सर आला. अशा सेन्सरमुळे गाडी किती झुकली आहे हे ओळखून ताकद आणि ब्रेक दोन्ही आवरता येतात. अनेकांची हाडं यामुळे शाबूत राहिली आहेत.

पण ही यंत्रणा नेमकं काय करते ते पाहा. मागचं चाक घसरायला लागलं की इंजिनची ताकद कमी करते. पुढचं चाक उचललं की तेच. ब्रेक जास्त लागला की दाब सोडते. तिन्ही वेळा ती फक्त कमी करते, जास्तीचं काही देत नाही. टायरची पकड ती वाढवू शकत नाही. वळणात फार वेगाने शिरलात तर तिच्याकडे उपाय नाही, कारण तिथे प्रश्न ताकदीचा नसतो, शिरण्याआधी घेतलेल्या निर्णयाचा असतो.

वळणात ब्रेक सांभाळणाऱ्या एबीएसबद्दल तर फार गैरसमज आहेत. टायरची एकूण पकड १०० धरा. त्यातली ८० वळण्यात खर्च होत असेल तर ब्रेकसाठी ६० शिल्लक राहते. वाचताना चूक वाटेल, पण पकड साध्या बेरजेने वाटली जात नाही, काटकोन त्रिकोणाच्या बाजूंसारखी वाटली जाते. वळण्यात ९५ खर्च झाली तर ब्रेकसाठी उरते जेमतेम ३१. म्हणजे पूर्ण झुकलेल्या गाडीवर घाबरून लिव्हर दाबलीत तर एबीएस तुम्हाला पडू देणार नाही कदाचित, पण थांबवणारही नाही, आणि रेषा मोठी होऊन गाडी बाहेर जाईल ते वेगळंच. जो चालक सरळ असताना बहुतेक ब्रेक मारून, झुकताना तो हळूहळू सोडत नेतो, त्याला या सेन्सरची गरज फार कमी पडते. गाडी त्याच्यासाठी जे करते ते तो आधीच करून बसलेला असतो.

आणि ब्रेक हा विषय निघालाच आहे तर थोडं जास्त लिहितो, कारण तुलनांमध्ये सगळे अश्वशक्तीवर भांडतात आणि ब्रेकबद्दल ‘उत्तम आहेत’ म्हणून पुढे जातात. ताशी १०० किलोमीटरवरून ०.९ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) मंदनाने थांबणारा चालक साधारण ४४ मीटरमध्ये थांबतो. ०.५ जी वापरणाऱ्याला ७९ मीटर लागतात. पहिला जिथे पूर्ण थांबलेला असतो, त्या जागेवरून दुसरा अजून ताशी ६७ किलोमीटरने जात असतो. गाडी तीच, टायर तेच, कॅलिपर तेच. एबीएस कमी दाबलेली लिव्हर जास्त दाबून देत नाही. हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजेलिस परिसरातले ९०० मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले, त्याचा अहवाल १९८१ मध्ये आला. त्यात दिसलं ते हेच. बहुतेक चालक मागचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त दाबून चाक घसरवत होते आणि पुढचा पुरेसा दाबतच नव्हते. ९२ टक्के जण स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. अर्ध्याहून जास्त जणांना त्या विशिष्ट गाडीचा ५ महिन्यांचाही अनुभव नव्हता. हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नवी गाडी घेतल्यावर जुना चालकही काही काळ नवाच असतो.

राहिला तुमचा पहिला आक्षेप, की मी माझ्या हाताची मर्यादा गाडीवर ढकलतो. तुम्ही दाखला दिलात, ‘शर्यतीत शेवटी मशीनच जिंकतं.’ इतिहास बघितला तर तो दोन्ही बाजूंनी बोलतो. २००७ मध्ये मोटोजीपी या मोटरसायकलींच्या सर्वोच्च विश्वस्पर्धेत केसी स्टोनर डुकाटीवर १० शर्यती जिंकून विश्वविजेता झाला. त्याच संघात, तशाच गाडीवर लोरिस कापिरोसीने १ शर्यत जिंकली आणि तो सातवा आला. २०१० मध्येही स्टोनरने डुकाटीवर ३ शर्यती जिंकल्या. पुढच्या वर्षी तिथे व्हॅलेंटिनो रॉसी गेला. हा तोच रॉसी, ज्याने २००४ मध्ये होंडा सोडून यामाहावर पहिलीच शर्यत जिंकली आणि त्या वर्षीचं विजेतेपदही. डुकाटीवर मात्र २०११ आणि २०१२ या दोन हंगामांत तो एकही शर्यत जिंकू शकला नाही. आता सांगा, गाडी वाईट होती की चालक? रॉसीचा हात कमी पडला असं कोणी म्हणणार नाही. त्या गाडीला पुढच्या चाकाबद्दल चालकाला काही सांगता येत नव्हतं, आणि रॉसीची सगळी पद्धत पुढच्या चाकाच्या भरवशावर उभी होती. स्टोनर त्या भरवशाशिवाय चालवू शकत होता.

अलीकडचं उदाहरण तुमच्या आवडत्या बीएमडब्ल्यूचंच घ्या. २००९ मध्ये त्यांनी सुपरबाईक विश्वस्पर्धेत पाऊल ठेवलं आणि विश्वविजेता चालक मिळाला तो २०२४ मध्ये, टोपराक राझगातलिओग्लू. त्याने याआधी २०२१ मध्ये यामाहावरही हाच किताब जिंकला होता. त्याचं वैशिष्ट्य काय म्हणून सगळे सांगतात? मागचं चाक हवेत असतानाही चालू राहणारा त्याचा ब्रेक.

म्हणून ‘गाडी की चालक’ असा सामना मला मान्य नाही. प्रश्न गाडी आणि चालक जुळण्याचा आहे. १९९२ ची होंडाची पहिली फायरब्लेड ८९३ सीसीची, कोरडं वजन १८५ किलो, ताकद सुमारे १२० अश्वशक्ती. त्या गाडीने सगळा वर्ग बदलून टाकला. २०२५ साठी डुकाटीने पानिगाले व्ही२ नव्याने बनवली तेव्हा इंजिन ९५५ वरून ८९० सीसीवर आणलं आणि ताकद १५५ वरून १२० अश्वशक्तीवर. वजन कमी केलं ते वेगळं. शर्यतीतून आलेली कंपनी जाणूनबुजून ३५ अश्वशक्ती सोडून देते, तेव्हा त्यामागे काही विचार असणार, तो माझ्या हाताच्या मर्यादेतून आलेला नाही.

तुमचा एक मुद्दा मात्र मी पूर्ण स्वीकारतो. तुलना करणाऱ्याने स्वतः कोण आहे हे सांगायला हवं. यापुढे प्रत्येक लेखात माझं वजन, टायरचा प्रकार आणि गरम असतानाचा दाब, आणि सस्पेन्शन माझ्या वजनाला लावलं होतं की कारखान्यातून आलं तसंच होतं, हे देईन. ६० किलोचा आणि ९५ किलोचा माणूस एकाच स्प्रिंगवर बसून दोन वेगळ्या गाड्या चालवत असतात, आणि आम्ही परीक्षण लिहिणारे हे सर्रास विसरतो. लॅप टाइमच्या शेजारी प्रत्येक वळणातला कमीत कमी वेगही देईन.

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे ४ वर्षांपासून लिटर क्लासची (१००० सीसी गटातली) गाडी आहे आणि तुम्ही नियमित ट्रॅकवर जाता. लॉगर लावत असाल तर एका लॅपचा आलेख मला नक्की पाठवा. लॅप टाइम झाकून ठेवलात तरी चालेल. ब्रेक पूर्ण सुटल्यापासून रेस पुन्हा उघडेपर्यंत गाडी किती वेळ नुसती घरंगळते, तेवढा आकडा मला हवा आहे. त्या लांब वळणात माझा मोठ्या गाडीवर १.३ सेकंद होता, मधल्या गाडीवर ०.५.