पळताना बोलता आलं पाहिजे : एका कमेंटला सविस्तर उत्तर

दादा, नमस्कार. तुमची कमेंट मोठी आहे आणि मनापासून लिहिलेली आहे, त्यामुळं खाली नुसतं 'धन्यवाद' टाकून विषय मिटवणं मला पटेना, म्हणून इथंच सविस्तर लिहितोय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नव्यानं पळायला सुरुवात करणाऱ्यांसाठी मी लिहिलं होतं की आधी पाच मिनिटं चाला, मग एक मिनिट पळा, दीड मिनिट चाला, असं आलटून पालटून वीस मिनिटं करा, आठवड्यातनं तीनच दिवस. त्यावर दादांचं म्हणणं असं : "याला पळणं म्हणत नाहीत. हे पुण्या-मुंबईचं फॅड. कोल्हापूरची माती जोर-बैठकांची आहे. चाळिशीनंतर डांबरावर पळून गुडघे घालवायचे आणि वर दहा हजाराचे बूट घ्यायचे. पळायचं तर छाती फुटंस्तोवर पळा, नाहीतर घरात बसा."

शेवटापासनं सुरू करतो, कारण खरा त्रास मला त्या 'घरात बसा' चाच झाला. दादा, लोक खरंच घरात बसतात हो.

आमच्या गल्लीत एक वहिनी आहेत, पन्नाशीला आलेल्या, शुगर बॉर्डरवर. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून रंकाळ्यावर यायला लागल्या आणि चालता चालता त्यांना वाटलं थोडं पळून बघावं. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली, पायात लेकाचे जुने बूट. एका दिव्याच्या खांबापासनं पुढच्या खांबापर्यंत पळायच्या, मग दोन खांब चालायच्या, तोंडानं खांब मोजत. एक दिवस गाडीवरनं जाताना कुणीतरी मोठ्यानं बोललं, "मावशी, ह्याला पळणं म्हणत्यात व्हय?" त्यानंतर कितीतरी दिवस वहिनी दिसल्याच नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "लोक बघत्यात, नको वाटतंय." आता त्या परत येतात, पण अंधारात येतात आणि उजाडायच्या आत घरी जातात. तुमचं वाक्य वाचलं आणि पहिल्यांदा त्याच डोळ्यासमोर आल्या. तुम्ही त्यांना बोलला नाही हे मला माहितेय, पण तुमची कमेंट त्यांच्यासारखी कितीतरी माणसं वाचतात आणि बूट परत कपाटात ठेवतात.

आता 'छाती फुटंस्तोवर' चं बघू. समजा पंधरा वर्षं टेबलावर बसून काम केलेला माणूस उद्या पहाटे उठून जीव खाऊन पळाला. दोन मिनिटांत ठोके पार वर, श्वास पुरेना, पाय दगडासारखे जड, आणि पाच-सहा मिनिटांत कठड्याला धरून उभा. म्हणजे त्या दिवशीचा त्याचा एकूण व्यायाम पाच मिनिटं, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही म्हणून सुट्टी, मग परवा पण सुट्टी, आणि मग विषयच संपला. तोच माणूस शेजारच्याशी बोलता येईल एवढ्या वेगानं, मधे मधे चालत वीस-पंचवीस मिनिटं फिरला तर परवा परत येतो. आणि सगळा खेळ परवा परत येण्याचा आहे. अशा संथ पळण्यानं हळूहळू हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पंप करायला लागतं, त्यामुळं बसल्या जागेचे ठोके कमी होतात, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं, पेशींमधली ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया वाढतात, आणि शरीर चरबी जाळून बराच वेळ चालायला शिकतं. हे सगळं मिनिटांच्या बेरजेवर होतं, किती तास घातले त्यावर, आणि नवखा माणूस तेवढी मिनिटं फक्त हळू पळूनच घालू शकतो.

वेग बरोबर आहे का हे बघायला घड्याळ पण लागत नाही. पळता पळता एक पूर्ण वाक्य बोलून बघायचं. 'काल शाहू स्टेडियमवर मॅच बघायला गेलो होतो आणि पावसानं सगळी वाट लावली' एवढं एका दमात बोलता आलं तर वेग ठीक. 'काल... शाहू...' असं तुटायला लागलं की कमी करा, लाज न बाळगता चाला.

अजून एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. दम काही आठवड्यांत वाढतो. पण हाडं आणि स्नायुबंध तयार व्हायला महिने लागतात. हाडावर नवीन लोड आला की शरीर आधी जुना भाग काढतं आणि मग तिथं नवा, मजबूत भाग भरतं, म्हणजे मधे काही काळ हाड उलट थोडं कच्चं असतं. आणि नेमकं त्याच दिवसांत माणसाला दम वाढल्याचं जाणवतं, अंगात रग येते, वाटतं आता आपण पन्हाळा पण गाठू. तिथंच नडग्या दुखायला लागतात, टाच धरते, आणि कधी कधी तर हाडाला बारीक चीर जाते. म्हणून मी 'दम आहे तरी थांबा' असं सारखं सारखं लिहितो.

आता फॅडचं. एक मिनिट पळा, दीड मिनिट चाला हा नऊ आठवड्यांचा प्लॅन १९९६ मध्ये जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसानं बनवला. पण हळू आणि लांब पळण्यामागचा विचार त्याच्याही आधीचा, न्यूझीलंडचा. ऑकलंडमध्ये आर्थर लिडियार्ड नावाचे कोच होते, बुटाच्या कारखान्यात कामाला. दम लागून मोडून पडायचं नाही, अशा वेगानं आधी महिनोनमहिने लांब पळायचं आणि स्पीडचं काम त्यानंतर, हे ते स्वतःवर प्रयोग करून शिकले. ८०० मीटरवाल्या पोराला सुद्धा ते आठवड्याला दीडशे किलोमीटरच्या वर पळवायचे, लोक म्हणायचे हा माणूस खुळा आहे. १९६० च्या रोम ऑलिम्पिकला त्यांच्याच भागातले पीटर स्नेल ८०० मीटरला आणि मरे हॅलबर्ग ५००० मीटरला एकाच दिवशी सुवर्णपदक घेऊन गेले, आणि बॅरी मॅगी मॅरेथॉनला ब्राँझ. मग त्याच लिडियार्डनी साध्या माणसांना, हृदयविकार झालेल्यांना सुद्धा हळू पळायला लावलं. बिल बॉवरमन म्हणून अमेरिकन कोच होते, पुढं नायकी कंपनी काढणाऱ्या दोघांपैकी एक. ते १९६२ च्या शेवटी तिकडं गेले आणि या मंडळींबरोबर पळायला गेल्यावर पन्नाशीतले बॉवरमन मागं पडले, त्यांच्या सोबतीला थांबला तो सत्तरी पार केलेला, हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेला म्हातारा. ते परत गेले आणि अमेरिकेत जॉगिंग पसरलं. साठ वर्षं झाली या गोष्टीला दादा, याला फॅड कसं म्हणायचं?

आणि तालमीचं म्हणाल तर माझं म्हणणं आहे की हे तालमीच्या विरुद्ध नाहीच. आमच्या घराच्या मागच्या बाजूला तालीम आहे, लहानपणापासनं बघत आलोय. नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी त्याच्यात भलती खुमखुमी असते, शेजारी जुना पैलवान बैठका मारतोय म्हणून हे पण सपासप मारायला लागतं. वस्ताद लांबनं बघत असतात. पोराचा श्वास अजून नीट आहे, मांड्या थरथरायला नुकती कुठं सुरुवात झालीय, अजून पंधरा-वीस सहज निघतील, तेवढ्यात वस्तादांचा आवाज, "बास." पोरगं म्हणतं, अजून हुतंय की. "व्हऊ दे. उद्या येणार हाईस न्हवं? मग उद्या." आणि त्याला आखाडा उकरायला लावतात. मला सांगा, लिडियार्ड वेगळं काय सांगत होते? नव्या पोराला पहिल्याच दिवशी हजार बैठका मारायला लावणारा वस्ताद तुम्ही बघितलाय काय? मी तरी नाही बघितला. मग पळणाऱ्यालाच पहिल्या दिवशी छाती फोडायला का सांगायचं?

आणि कोल्हापूरची माती म्हणजे फक्त कुस्ती असं तरी कुठं आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही नावं आज घेतली की पेठेतली पोरं कुस्तीआधी फुटबॉलचं बोलतात. फुटबॉल तरी कुठं आपला होता? बाहेरनं आला, तालमींनी उचलला, आणि आज मॅच असली की अख्ख्या पेठा स्टेडियमवर. जोतिबाच्या खेट्यांना रविवारी कोल्हापुरातनं चालत डोंगर चढणाऱ्या बायका-माणसं बघा, त्यातली किती तरी साठीची असतात, आणि कुणी त्यांना म्हणत नाही की पळत चढा नाहीतर घरात बसा. हळू हळू लांब जायची सवय या गावाला आधीपासनंच आहे.

गुडघ्यांचं बोलतो, कारण ही भीती तुमच्या एकट्याची नाही, दहातली आठ माणसं मला हेच विचारतात. २०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र मांडणी प्रसिद्ध झाली होती. त्यात गुडघा आणि खुब्याची झीज हौशी पळणाऱ्यांत साधारण ३.५ टक्के, न पळणाऱ्या बैठ्या माणसांत १०.२ टक्के, आणि स्पर्धेसाठी जोरात पळणाऱ्या वरच्या दर्जाच्या धावपटूंत १३.३ टक्के आढळली. आता याचा अर्थ पळलं की गुडघे सुधारतातच असा कुणी काढू नये, ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच पळत राहतात असंही असू शकतं. पण 'पळलं की गुडघे जातात' हे यातनं निघत नाही, एवढं नक्की. गुडघ्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, दाब पडला, सुटला, परत पडला की सांध्यातलं पाणी आत-बाहेर होतं आणि त्यातनंच तिला पोषण मिळतं. बसून राहून ती टिकत नाही. आणि तो तिसरा आकडा परत बघा दादा, जोरात आणि अति करणाऱ्यांचा. छाती फुटंस्तोवरचा सल्ला माणसाला त्याच बाजूला ढकलतो.

हां, ज्याचा गुडघा आधीच सुजलेला आहे, वजन खूप जास्त आहे, बीपी-शुगर आहे किंवा घरात हृदयविकार आहे, त्यानं आधी डॉक्टरांना दाखवावं आणि बरेच दिवस नुसतं चालावं. पळताना छातीत दाबल्यासारखं झालं, चक्कर आली तर तिथंच थांबायचं आणि त्याच दिवशी तपासून घ्यायचं, 'गॅस असंल' म्हणून घरी जायचं नाही. डांबराबद्दल तुमची काळजी रास्त आहे. जमेल तेव्हा मातीवर पळावं, विद्यापीठाच्या परिसरात झाडाखालनं पळावं, तिथं चढ-उतार पण मिळतो. पावसाळ्यात मात्र शेवाळलेल्या दगडी कडेवर कुणी पळू नका, पाय सटकला की सीझन गेला.

बुटांचं एका दमात सांगतो. दहा हजाराचे लागत नाहीत. अंगठ्यापुढं बोटभर जागा, टाच आत हलत नाही, दुकानात चार पावलं पळून बघितल्यावर कुठं चावत नाही, बास झालं. संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरानं पाय थोडे फुगलेले असतात. १९६० च्या त्याच रोम ऑलिम्पिकला इथिओपियाचे अबेबे बिकिला अनवाणी मॅरेथॉन जिंकले होते, पण त्यांच्या पायांना तशी सवय होती, आपण डांबरावर तो प्रयोग लगेच करू नये.

आता जिथं तुमचं शंभर टक्के बरोबर आहे तिथं येतो. पळणारी बरीच मंडळी ताकदीचा व्यायाम करतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम सांगते, आणि त्याबरोबर किमान दोन दिवस ताकदीचा. चाळिशीनंतर स्नायू आपोआप कमी होत जातात, मांड्या आणि कंबर ढिली पडली की प्रत्येक पावलाचा मार गुडघ्यावर येतो. त्याला जोर-बैठकांसारखं औषध नाही, ना मशीन लागतं ना फी. मी स्वतः पळण्याच्या मधल्या दिवशी मारतो आणि सगळ्यांना तेच सांगतो.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. तुम्ही लिहिलंय की पंचविशीपर्यंत रोज तालमीत होता. तर चाळिशीतल्या, कधीच बैठक न मारलेल्या माणसानं किती पासनं सुरुवात करावी, खाली जाताना श्वास घ्यायचा का सोडायचा, टाचा उचलायच्या का टेकवायच्या, ज्याचा गुडघा कुरकुरतो त्यानं किती खाली जावं, आणि आठवड्याला किती वाढवावं, हे तुमच्या वस्तादांनी शिकवलं तसं इथंच सविस्तर लिहा. मी ते मूळ पोस्टमध्ये वरच लावतो, तुमच्या नावानं. वहिनींना पण वाचायला देतो, त्यांनी मला परवाच विचारलं होतं की पळायचं नसतं त्या दिवशी काय करू.