गव्हर्नरला हात लावू नका, आधी जेट साफ करा

जनरेटर ‘घूंऽऽ… घूं… घूंऽऽ’ करत चढ-उतार करायला लागला की इंदुरात सगळ्यांचे हात सरळ गव्हर्नरच्या, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या, स्प्रिंगकडे जातात. का, तर ती बाहेरून दिसते आणि बोटानं ओढली की आवाज बदलतो. एवढंच ज्ञान! मिस्त्री येतो, पकडीनं स्प्रिंगचा आकडा वाकवतो, इंजिन किंचाळत पण एका सुरात चालायला लागतं, ‘भिया, टनाटन हो गया’ म्हणतो आणि पैसे खिशात घालून निघून जातो. मागे राहतात फुंकलेल्या एलईडीच्या माळा आणि फ्रिजचा गरम झालेला कॉम्प्रेसर.

अहो, गव्हर्नर बिचारा त्याचं काम चोख करत असतो. तो ओरडून सांगतोय की पेट्रोल कमी पडतंय, आणि तुम्ही त्याचाच गळा आवळता.

हे हंटिंग, म्हणजे वेगाची ही चढ-उतार, होतं कसं ते एकदा नीट समजून घ्या. लोड नसताना थ्रॉटल (कार्बोरेटरमधली हवा-पेट्रोलाची झडप) जवळपास बंद असतो आणि इंजिन मुख्यतः पायलट जेटवर, म्हणजे पेट्रोल येण्याच्या अगदी बारीक भोकावर, जगतं. ते जेट अर्धवट तुंबलं की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. आरपीएम (मिनिटाला फेरे) पडतात. गव्हर्नरला ते कळतं, तो थ्रॉटल उघडतो. थ्रॉटल उघडला की मोठ्या भोकाच्या मेन जेटमधून पेट्रोल यायला लागतं, आरपीएम उसळतात. गव्हर्नर थ्रॉटल बंद करतो, इंजिन पुन्हा उपाशी. हे चक्र चालूच. स्प्रिंग ताणली की थ्रॉटल आधीच थोडा जास्त उघडा राहतो, मेन जेट कामाला लागतं आणि रोग झाकला जातो. बरा होत नाही.

आणि झाकण्याची किंमत? आपल्याकडे ५० हर्ट्झ हवेत, म्हणजे दोन पोलच्या अल्टरनेटरला (वीज बनवणाऱ्या भागाला) ३००० आरपीएम. लोड नसताना ५१-५२ हर्ट्झ दिसले तर ठीक, लोड आल्यावर ते खाली बसतात. पण कसलेल्या स्प्रिंगवर ५७-५८ गेले तर कपॅसिटरवाल्या सेटमध्ये व्होल्टेजही सोबत चढतं. हर्ट्झ दाखवणारा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. तो न लावता ‘कानानं’ आरपीएम सेट करणाऱ्या माणसाला मशिनीजवळ उभंच करू नये.

निदानाला पाच मिनिटंही लागत नाहीत. इंजिन गरम होऊ द्या आणि चोक हळूहळू अर्ध्यापर्यंत ओढा. घूंघूं थांबली? मग मिश्रण पातळ आहे, विषय संपला. आता चोक पूर्ण उघडा आणि हजार वॅटची इस्त्री लावा. (इस्त्रीच लावा, टीव्ही नको. इस्त्रीला हर्ट्झ-बिर्ट्झचं काही पडलेलं नसतं.) लोडवर सुरळीत चाललं तर पायलट जेट तुंबलंय. लोड घेताच दम तोडला तर मेन जेटकडे किंवा टाकीकडून येणाऱ्या पेट्रोलकडे बघा.

तुंबतं का? कारण आपण सगळे आळशी आहोत. अनंत चतुर्दशीची झांकी संपली की सेट आहे तसा, पेट्रोलसकट गोदामात. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल हवेतली ओल पितं. माळव्याच्या पावसाळ्यात ओलीला काय तोटा! एका मर्यादेपलीकडे पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून फुटून तळाला बसतात, आणि कार्बोरेटरला जाणारी नळी टाकीच्या तळालाच असते. बाऊलमधलं, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीतलं, पेट्रोल उडून जातं आणि खाली उरतो चिकट पिवळा राळेसारखा थर, कधी पांढरट-हिरवी भुकटी. शंका असेल तर टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते सगळं काढून टाका. त्यात ‘थोडं ताजं मिसळू’ हा शहाणपणा नको.

आता साफसफाई, कारण इथेच सगळे घोळ घालतात. होंडाच्या जीएक्स १६०, जीएक्स २०० आणि त्यांच्या असंख्य चिनी नकलांना धरून सांगतो. पेट्रोलचा कॉक बंद. बाऊलच्या तळाचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल काढा. फिल्टरचा डबा काढा, १० च्या पान्यानं कार्बोरेटरचे दोन नट काढा, आणि लिंक व स्प्रिंग सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. पॅकिंगांचा क्रमही त्याच फोटोत येऊ द्या, ती उलटसुलट बसली की हवा चोरून आत जाते आणि पुन्हा तीच घूंघूं. बाऊल १० च्याच बोल्टवर असतो. मधल्या नळीच्या तोंडाशी पितळेचं मेन जेट असतं. ते बरोब्बर मापाच्या स्क्रू-ड्रायव्हरनं काढा, खाच चिरडू नका. त्याच्यामागे बाजूला भोकं असलेली नळी आहे, ती ठोकून बाहेर पडते. मेन जेट साफ करून नळी आतच ठेवणारे महाभाग खूप आहेत, आणि अर्धा कचरा तिच्याच भोकांत असतो.

पायलट जेट मात्र बहुतेकांना सापडतच नाही. थ्रॉटलजवळ प्लॅस्टिकच्या डोक्याचा आयडलचा स्क्रू असतो, तो पूर्ण काढा. त्याच्याखाली दाबून बसलेला छोटासा प्लॅस्टिकचा तुकडा आहे, टोकाला पितळ, कमरेला ओ-रिंग. हळूच उचकटा. उजेडासमोर धरा. भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. त्यातून उजेडाचा स्वच्छ गोल ठिपका दिसला पाहिजे. अर्धचंद्र दिसला तरी ते जेट तुंबलेलंच समजा.

आणि देवासाठी त्यात स्टीलची तार, टाचणी, सुई घालू नका! पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं, मग जन्मभर प्लग काळा. रबर आणि फ्लोट (बाऊलमधला तरंगता तुकडा) बाजूला ठेवून कार्ब क्लीनर मारा, दहा मिनिटं भिजू द्या, मग हवा मारा. तरी अडलं तर लवचीक वायरीतला तांब्याचा एकच तंतू घाला. बॉडीतल्या ज्या वाटेनं पायलट जेटला पेट्रोल येतं तीही फवारून बघा, दुसऱ्या टोकातून धार आली पाहिजे. हे सगळं थंड इंजिनावर आणि उघड्यावर. गरम सायलेन्सरवर क्लीनर उडवणाऱ्यांना काय सांगायचं!

‘छोड़ो, नया कार्बोरेटर डाल दो’ हा दुसरा मंत्र. सियागंजात स्वस्त नकली कार्बोरेटर हवे तितके मिळतात. दिसायला हुबेहूब, पण आतलं जेट तुमच्या इंजिनाच्या मापाचं असेलच असं नाही. जुन्याची बॉडी गंजलेली नसेल तर धुऊन तोच बसवा.

मग ते दुरुस्तीचे परदेशी व्हिडिओ. परदेशातल्या बर्फ फेकणाऱ्या मशिनींवर याच जातीची इंजिनं असतात आणि त्यांचं दुखणंही हेच, उन्हाळाभर टाकीत सडलेलं पेट्रोल. कार्बोरेटर उघडण्यापुरतं ते जरूर बघा. पण पुढचं डोळे झाकून उचलू नका. त्या मशिनींना बहुधा एअर फिल्टरच नसतो, कारण बर्फात धूळ नसते. इथे ते पाहून फिल्टर फेकून देणारे वीर आहेत. अरे, ही इंदूरची उन्हाळी धूळ आहे, रिंग आणि सिलिंडर घासून टाकेल! तिकडे इंजिन ३६०० वर ठेवतात. ते इथे केलंत तर ६० हर्ट्झ. त्यांचं पातळ हिवाळी तेलही आपल्या मे महिन्यासाठी नाही.

जेट स्वच्छ असूनही घूंघूं राहिली तर इंजिन चालू असताना कार्बोरेटर आणि हेडच्या सांध्याभोवती क्लीनरचा अगदी छोटा फवारा द्या, सायलेन्सरपासून लांब. आवाज बदलला तर पॅकिंग गेलंय. थोडा वेळ चालून बंद पडत असेल तर टाकीचं झाकण सैल करून बघा, झाकणाचं भोक बुजलं की पेट्रोल उतरत नाही. तिरक्या जमिनीवर पटकन बंद पडत असेल तर तेलाचा सेन्सर इंजिन थांबवतोय, सेट सपाट ठेवा आणि तेल बघा, साधारण ०.६ लिटर लागतं. तेलाला पेट्रोलचा वास येत असेल तर फ्लोटची निडल (पेट्रोल अडवणारी सुई) गळतेय, तेल बदलल्याशिवाय इंजिन चालू करू नका. प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिमी, व्हॉल्व्ह थंड इंजिनावर इनटेक ०.१५ आणि एक्झॉस्ट ०.२० मिमी. हे सगळं तपासून झालं, तरच गव्हर्नर.

आणि आधीच कुणी तो बिघडवून ठेवला असेल तर त्याचीही रीत आहे. गव्हर्नरच्या आर्मचा (थ्रॉटलला जोडलेल्या दांडीचा) नट ढिला करा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरा, उघडताना आर्म ज्या दिशेला गेला त्याच दिशेला शाफ्ट अडेपर्यंत फिरवा, नट कसा. मग मीटर लावून स्प्रिंगनं हर्ट्झ जुळवा. वाकवलेला आकडा सरळ करत बसू नका, नवीन स्प्रिंग घाला.

महिनाभर वापर नसेल तर टाकी रिकामी करा, कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडू द्या आणि बाऊलचा ड्रेन स्क्रू सोडून उरलेले थेंबही काढा. शेवटची पायरी सगळे गाळतात, आणि पायलट जेट त्याच थेंबांनी तुंबतं. काढलेलं पेट्रोल ताजं असेल तर मंडळाच्या कुणाच्या तरी स्कूटरमध्ये ओता, त्यावरून कुणी भांडणार नाही.