इंजिन या ढगामागे आहे

माझ्या संग्रहात वाफेच्या इंजिनांची सुमारे चार हजार छायाचित्रे आहेत, आणि त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकात इंजिन आहे, असे मी शपथेवर सांगू शकतो. ते दिसत नाही, ही गोष्ट निराळी. काही चित्रांत ते सिग्नलच्या खांबामागे आहे, काहींत ते नुकतेच येऊन गेले आहे, आणि एका चित्रात ते एका अनोळखी गृहस्थांच्या उजव्या कानामागे असून तो कान मात्र इतका सुस्पष्ट आला आहे की त्यावरचे केस मोजता यावेत. कानांच्या छायाचित्रणाची स्पर्धा निघाली, तर माझा पहिला क्रमांक ठरलेला आहे.

हे वेड का लागले, असे कोणी विचारले की मी त्याला डिझेलचे इंजिन आठवायला सांगतो. ते म्हणजे चाकांवर ठेवलेले कपाट. आत काय शिजते आहे याचा बाहेर पत्ता लागत नाही. वाफेच्या इंजिनाच्या पोटात मात्र काही राहत नाही. दट्ट्या दांड्याला ढकलतो, दांडा चाकाला फिरवतो, आणि हा सगळा संसार ते येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर उघड्यावर मांडते. चढण लागली की धापा टाकते, दाब फार वाढला की झडपेतून फुत्कारते. अशा प्राण्यावर जीव जडायचा नाही तर कशावर? त्याची ओळख मात्र आकड्यांनी करून द्यावी लागते. पुढची लहान चाके चार, मधली मोठी सहा आणि मागची दोन असली, तर ते ४-६-२, म्हणजे ‘पॅसिफिक’. २-८-२ असले, तर ‘मिकाडो’. हे आकडे मी झोपेत बडबडतो, आणि ते कपाटाच्या कुलपाचे असावेत अशा समजुतीने आमच्या सौभाग्यवतींनी एकदा ते टिपूनही ठेवले होते.

या छंदाचे दुखणे पहाटे सुरू होते. खरी वाफ डोळ्यांना दिसतच नाही. आपण जिला वाफ म्हणतो, ते गार हवेत निवून झालेले पाण्याचे बारीक थेंब असतात. म्हणजे हवा जितकी गार, तितका धुराड्यावरचा पांढरा पिसारा भरदार. कडक उन्हात तेच इंजिन टक्कल पडल्यासारखे दिसते. म्हणून मी थंडीतली पहाट गाठतो. चार वाजता गजर होतो, मी अंधारात पायमोजे चाचपतो, आणि पांघरुणाखालून आवाज येतो, “अहो, ते इंजिन गेल्या वर्षीही पाहिलं होतंत ना?” या प्रश्नावर मला अजून उत्तर सुचलेले नाही. तरी मी कुरकुरत नाही, कारण इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमनपुढे माझी पहाट किरकोळ आहे. थंड पडलेल्या बॉयलरमध्ये दाब चढायला कित्येक तास लागतात, आणि मी गजर लावत असतो तेव्हा त्याची भट्टी पेटलेली असते.

त्या दिवशी मी जागा फार विचारपूर्वक निवडली होती. आधीच्या खेपेस मी सपाटीवर भरधाव येणारी गाडी टिपायला गेलो होतो. ताशी ६० किलोमीटरने धावणारे इंजिन एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर सरकते, म्हणजे शटर १/६० सेकंद उघडे राहिले तरी तेवढ्यात ते २८ सेंटिमीटर पुढे गेलेले असते. आणि मी शटर नेमके तेवढेच ठेवल्यामुळे चित्रात इंजिनाऐवजी एक लांबट काळा पश्चात्ताप उमटला होता. १९३८ साली ‘मॅलार्ड’ ताशी २०३ किलोमीटरचा विक्रम करत उतारावरून गेले, तेव्हा मी तिथे नव्हतो, हे त्या इंजिनाचे भाग्य. या वेळी मी स्थानकाच्या जरा पुढे, चढणीच्या पायथ्याशी, कुंपणाच्या कायदेशीर बाजूला उभा राहिलो. थांबलेली गाडी तिथून सावकाश निघणार, चढणीमुळे इंजिन जोर लावणार, धुराडे गरजणार. आणि सावकाशपणात मी कोणत्याही इंजिनाला हार जात नाही. जोडदांडा खाली आलेला असताना बटण दाबावे, म्हणजे मोठी चाके मोकळी दिसतात, हा आमच्या पंथाचा आचारधर्मही मी मनाशी घोकून ठेवला होता.

मीच पहिला असेन, असे मला वाटले होते. तिथे अकरा ट्रायपॉड आधीच उभे होते, आणि त्यांमागे असलेले अकराही जण एकमेकांकडे, लग्नाच्या पंगतीत शेवटच्या पाटावर डोळा ठेवून असलेल्या पाहुण्यांसारखे पाहत होते. अशा मेळाव्यात एक सर्वज्ञ असतोच. त्यांनी प्रथम गाडी वेळेवर असल्याचे सांगितले, मग ती अर्धा तास उशिरा असल्याचे सांगितले, आणि तासाभराने तीही माहिती खरीच होती असे सिद्ध करून दाखवले.

“आज फायरमन कसा आहे?” एकाने चिंतेने विचारले.

“फार चांगला,” सर्वज्ञ म्हणाले, आणि सगळ्यांचे चेहरे पडले.

बाहेरच्या माणसाला हे कळणे अवघड आहे. काळाभोर धूर म्हणजे अर्धवट जळलेला, वाया गेलेला कोळसा. कसलेल्या फायरमनच्या धुराड्यातून जेमतेम करडी रेघ निघते. आम्हाला मात्र आभाळ झाकणारा धूर हवा असतो. एखाद्या माणसाने आपले काम वाईट करावे म्हणून बारा सुशिक्षित लोक थंडीत कुडकुडत मनोभावे प्रार्थना करत आहेत, असे दृश्य दुसरीकडे क्वचितच दिसेल.

तेवढ्यात ढग आला. आभाळ चहूकडे स्वच्छ होते, ढग एकच होता, आणि त्याला आमच्याच सूर्यापुढे यायचे होते. अशा वेळी मला विन्स्टन लिंक या अमेरिकी छायाचित्रकाराची आठवण येते. १९५५ ते १९६० या काळात त्यांनी ‘नॉरफोक अँड वेस्टर्न’ रेल्वेची वाफेवरची अखेरची वर्षे टिपली, तीही मुख्यतः रात्री, कारण सूर्य कायम चुकीच्या जागी असतो आणि तो काही आपल्याला हलवता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. फ्लॅशचे डझनावारी दिवे ते तारांनी जोडत. ते दिवे एकदाच पेटणारे, त्यामुळे गाडीगणिक संधी एकच. माझा कॅमेरा सेकंदाला वीस चित्रे घेतो. लिंक यांच्या एका चित्रात जे येई, ते माझ्या वीसांत मिळूनही का येत नाही, याचा विचार मी ढगाकडे पाहत केला आणि नंतर तो विचार करणेच सोडून दिले.

ढग सरकला आणि त्याच क्षणी शिट्टी झाली. ट्रायपॉडमागचे अकरा आणि मी, असे बाराही जण श्वास रोखून उभे राहिलो. इंजिन हलले. खरोखर काळा धूर निघाला. बहुधा फायरमनला आमची दया आली असावी. दांडा खाली येत होता, ऊन थेट बॉयलरवर होते, वारा पलीकडून माझ्याकडे वाहत होता, आणि वाऱ्याची दिशा हीच एक गोष्ट मी त्या सबंध पहाटेत तपासली नव्हती.

उभ्या इंजिनाच्या सिलिंडरांत वाफ निवून पाणी साचते. पाणी दाबले जात नाही; ते आत राहिले तर दट्ट्याच्या धडकेने सिलिंडरचे झाकण उडू शकते. म्हणून गाडी हलवताना ड्रायव्हर खालच्या तोट्या उघडतो आणि पाण्यासकट वाफ दोन्ही बाजूंना फवारून बाहेर पडते. हे मी पुस्तकांत अनेकदा वाचले होते आणि लोकांना समजावूनही सांगितले होते. आता ते माझ्या अंगावर येत होते. आधी चाके गेली, मग बॉयलर, मग धुराडे, मग कुंपण, आणि शेवटी माझे स्वतःचे हात दिसेनासे झाले. आत कुठेतरी ते पांढरेपण धापा टाकत चालले होते. चाकाच्या एका फेऱ्याला चार धापा, म्हणजे इंजिन दोन सिलिंडरांचे, एवढे मला कानांनी कळले, आणि त्या आनंदात मी बटण दाबतच राहिलो.

घरी आल्यावर मी चित्रे मोठ्या पडद्यावर लावली. सौभाग्यवतींनी पहिली साठ चित्रे शांतपणे पाहिली.

“यात इंजिन कुठे आहे?”

मी बोटाने दाखवले. “इथून इथपर्यंत. ही पुढची चाके, हा दांडा. खाली आलेला आहे, बघ.”

“आणि डबे?”

“ते पुढच्या चित्रांत आहेत.”

पुढच्या चित्रांतही पांढरेच होते. एकसष्टाव्यात वाफ विरळ झाली होती, आणि तिच्यातून शेवटच्या डब्याची मागची बाजू लख्ख बाहेर आली होती. त्या चित्रावर सौभाग्यवतींनी बराच वेळ नजर रोखली.

“लाल दिवा मात्र छान आलाय हो,” ती म्हणाली.