मांजराचा गजकर्ण: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मांजराकडून माणसाला गजकर्ण होऊ शकतो, या माझ्या लेखाने घाबरून लोक मांजरं गोदाघाटावर सोडून येतील, पंचवटीतल्या तुमच्या वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या मांजरं होती तरी कुणाला गजकर्ण झाला नाही, असं तुम्ही म्हणता.

एक चूक आधी कबूल करतो. सध्या घरोघरी दिसणारा गजकर्ण बहुतेक माणसाकडूनच माणसाला होतो. टॉवेलातून, घामट कपड्यांतून. हे लेखात यायला हवं होतं.

मांजराकडून येणारा मात्र वेगळा. त्याची बुरशी मायक्रोस्पोरम कॅनिस. नावातल्या ‘कॅनिस’चा अर्थ कुत्र्याचा असला तरी तिचं खरं बिऱ्हाड मांजराच्या अंगावर. पर्शियनसारख्या लांब केसांच्या मांजरावर कधी एकही चट्टा नसतो आणि केसांत बीजाणू, म्हणजे बुरशी पसरवणारे सूक्ष्म कण, असतात.

गेल्या पावसाळ्यात भाचीने इंदिरानगरमधल्या आमच्या जिन्यातलं पिल्लू घरात आणलं. कानामागे रुपयाएवढी जागा उघडी, केस मुळाशी तुटलेले, वर राखेसारखा कोंडा. पंधरा दिवसांनी, ते जिथे डोकं टेकून झोपायचं त्या कोपरापाशी तिला लाल कडेचं वर्तुळ उठलं. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. खाज दोन दिवसांत थांबली, वर्तुळ पसरतच गेलं. तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं, पिल्लाला पशुवैद्यांकडे. अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्पखाली (अतिनील किरणांच्या दिव्याखाली) ते तुटके केस हिरव्या सफरचंदासारखे चमकले. (चमकले नाहीत म्हणजे बुरशी नाही, असं नसतं. मग केस कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढते का ते बघायला, पाठवतात.)

तेव्हा पिल्लू सोडून दिलं असतं तर ते दुसऱ्या पोरांच्या मांडीवर गेलं असतं, आणि आमच्या गाद्या-सोफ्यातले बीजाणू तिथेच राहिले असते. ते महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून त्याला एका खोलीत ठेवलं. पोटात औषध, औषधी शाम्पूने आंघोळ, रोज चादरी धुणं, आधी केस गोळा करून मग ब्लीचच्या पाण्याने फरशी. दोन महिने लागले. आज ते आमच्याच घरात आहे.

हे लिहिणं मला गरजेचं वाटतं ते लहान मुलांसाठी. डोक्यात ही बुरशी गेली की नुसत्या मलमाने भागत नाही, पोटातून औषध घ्यावं लागतं. उशीर झाला तर तिथले केस कायमचे जाऊ शकतात.

आणि तुम्ही सुचवलेलं खोबरेल-कापूर कृपया मांजराला लावू नका. ते अंग चाटतं, कापूर त्याच्यासाठी विष आहे. वाड्यात आता मांजर असेल तर आज त्याच्या कानामागचे, पंजांवरचे केस बोटाने बाजूला करून बघा, आणि मग हात साबणाने धुवा.