बर्फात पाय गारठतात ते घामाने

डिसेंबर लागला की पुण्यातल्या ट्रेकिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला चार ठिकाणांहून आला. शेवटी भाचीनेही पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, दोन थर्मल घेऊ की तीन?" ती फेब्रुवारीत गुलमर्गला चालली आहे. स्कीइंगचा कोर्स मागच्या वर्षीच झालाय. आता तिला लिफ्ट सोडून, स्कीच्या तळाला स्किन (चढताना मागे घसरू न देणारी पट्टी) चिकटवून स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचाय आणि ताज्या बर्फातून उतरायचंय.

मेसेजमधला सल्ला थोडक्यात असा. शरीराची सगळ्यात जास्त उष्णता पायांतून जाते, म्हणून पायांत जितके थर तितकं बरं. आत सुती लेगिंग घाला, ते घाम टिपतं. त्यावर दोन थर्मल, त्यावर वॉटरप्रूफ पँट. मोज्यांचे तीन जोड. सगळं खालूनच चढवून निघा, वाटेत काढघाल केली तर थंडी बाधते. एवढं करूनही पाय गार पडले तर घोटभर ब्रँडी.

यातलं बरंचसं मी एकेकाळी पाळलंय. उत्तराखंडात औलीच्या वर गोर्सन बुग्याळाकडे, म्हणजे डोंगरावरच्या कुरणाकडे, चढताना दोन थर्मल आणि वॉटरप्रूफ पँट घालून निघाले होते. चढ संपेपर्यंत मांड्या घामाने निथळत होत्या. वर पोचून स्किन काढल्या, डबा खाल्ला, आणि वीस मिनिटांत हुडहुडी भरली. बोटांना बुटाचे बकल लावता येईनात. उतरताना गुडघे वाकत नव्हते आणि मी तीनदा पडले. म्हणून हा मेसेज हसून सोडून देता येत नाही.

पायांतून उष्णता जाते हे खरंच आहे. भाजलेल्या माणसाची जखम मोजताना डॉक्टर एकेक पाय अंगाच्या 18 टक्के धरतात, म्हणजे दोन्ही मिळून 36. पण मेसेज लिहिणाऱ्याने जमेची बाजू पाहिलीच नाही. अंगातले सगळ्यात मोठे स्नायू मांड्यांचे आणि कुल्ल्यांचे, आणि चढावर तेच राबतात. स्नायू जी ऊर्जा वापरतात तिचा जेमतेम पाव भाग कामी येतो, बाकीची उष्णता होते. स्वस्थ बसलेलं शरीर साधारण 100 वॉटच्या जुन्या बल्बइतकी उष्णता देतं, दमदार चढावर तीच पाच-सहा पट होते. चढताना मांड्या म्हणजे पेटलेली शेगडी असते. तिच्यावर चार थर गुंडाळले की शरीराला एकच वाट उरते, ती म्हणजे घाम.

आणि तो घाम टिपायला म्हणे सुती लेगिंग! सुती कापड घाम टिपतं, याबद्दल वाद नाही. टिपून ते सोडत नाही, ही खरी अडचण आहे. जीन्स घालून जुलैत दुचाकीवरून भिजत घरी आलेल्या कुठल्याही पुणेकराला हे वेगळं सांगायला नको. तीच जीन्स दोरीवर दोन दिवस ओली राहते. पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यात एक लिटर घाम वाळायचा तर अंगातून सुमारे 580 किलोकॅलरी खर्ची पडतात. चढताना हाच हिशोब आपल्या फायद्याचा असतो. माथ्यावर थांबलं की शेगडी विझते, पण वाळणं चालूच राहतं.

आपल्याकडचा धनगर भर पावसात घोंगडी पांघरून मेंढरांमागे उभा असतो, सुती चादर नव्हे. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण 30 टक्के बाष्प धाग्याच्या आत घेते, तरी अंगाला ओली लागत नाही, आणि भिजल्यावरही बरीच ऊब राखते. मेरिनोचं पातळ थर्मल हे तिचंच मऊ भावंड. ते परवडत नसेल तर पॉलिएस्टर घ्या. तो धागा पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे झटपट वाळतो. धावणारे घालतात ती साधी घट्ट टाइट्स चालते. फक्त लेबल वाचून घ्या, कारण थर्मल म्हणून विकल्या जाणाऱ्या कपड्यांतही सूत मिसळलेलं असतं.

दोन थर्मल एकावर एक घातले तर ऊब दुप्पट होईल, हा हिशोबही फसतो. ऊब मुख्यतः कापडात अडकलेल्या स्थिर हवेची असते. दोन घट्ट थर्मल ती हवा दाबून टाकतात, गुडघ्यामागे चुण्या पडतात, प्रत्येक पावलाला कापड ओढतं. त्यापेक्षा एक पातळ थर आणि त्यावर वारा अडवणारी पण बाष्प जाऊ देणारी सॉफ्टशेल पँट चढाला पुरते. वॉटरप्रूफ पँट घालायचीच असेल तर मांडीच्या बाजूच्या चेन पूर्ण उघडा. त्या चेन असतातच त्यासाठी.

मोज्यांच्या सल्ल्याने तर उलटाच परिणाम होतो. स्कीचा बूट म्हणजे कडक कवच, ते सैलावत नाही. तीन जोड कोंबले की पाय आवळला जातो, रक्त कमी पोचतं आणि बोटं आधी बधिर होतात. लोकरीचा एकच उंच मोजा घाला आणि कोरडा जोड पिशवीत ठेवा. थर्मलही बुटाच्या काठाच्या वरच संपणारं, पाऊण लांबीचं हवं, नाहीतर त्याची शिवण दिवसभर नडगीला टोचते. चढताना बकल सैल करा. आणि बोटं गार पडली तर आधी जॅकेट चढवा, कारण धड गारठलं की शरीर हातापायांकडचं रक्त आवरतं घेतं.

मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ काढघालीची आहे. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर, तिथल्या गोंडोलाचं, म्हणजे केबलकारचं, वरचं स्थानक 3,900 च्या पुढे. उंचीच्या हजार मीटरमागे साधारण साडेसहा अंश उतरतात, म्हणजे नुसत्या उंचीने आठेक अंशांचा फरक पडतो. वर अफरवट डोंगराच्या धारेवर उणे 10 तापमानात ताशी 30 किलोमीटरचा वारा असला तर उघड्या कातडीला ते उणे 20 च्या आसपास लागतं. खाली झाडीत मात्र ऊन आणि चढ मिळून घाम फोडतात. एकच पोशाख दोन्हीकडे कसा चालेल? निघताना थोडं गारच वाटायला हवं. दहा-पंधरा मिनिटांनी थांबून पाहावं, गरम होत असेल तर एक थर कमी करावा किंवा चाल मंदावावी. माथ्यावर पोचल्यावर आधी पफी (आत ऊबदार भरण असलेली फुगीर) पँट किंवा हाफपँट, मग पाणी, स्किन आणि फोटो. अंग तापलेलं असतानाच ती ऊब झाकायची. या पँटला दोन्ही बाजूंनी वरपासून खालपर्यंत चेन असावी, म्हणजे स्की न काढता चढवता येते. मी गोर्सनला नेमकी ही पायरी गाळली होती.

ब्रँडीने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ऊब वाटते. त्याच वेळी आतली उष्णता बाहेर जाते. समोर उतार असताना डोकंही ताळ्यावर हवं.

भाचीला मी उत्तर दिलं, एकच घे. पण नुसत्या मेसेजवर माझा विश्वास नाही, म्हणून मागच्या रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही दोघी आतकरवाडीहून सिंहगड चढलो. तिच्या पायात फक्त टाइट्स होती. पहिली दहा मिनिटं ती कुडकुडत होती, अर्ध्या वाटेवर जॅकेटही पिशवीत गेलं. वर वाऱ्यात उभं राहून, हातमोजे न काढता पफी पँटच्या चेन लावायच्या, असं ठरलं होतं. पहिल्यांदा चार मिनिटं लागली, तिसऱ्यांदा दीड. मग दही खाल्लं. येत्या रविवारी पुन्हा जाणार आहोत, या वेळी जाड हातमोजे घालून.