ठाणेदाराचं पाणी

आमच्या बोक्याचं नाव ठाणेदार. मिशा तशा, आणि काही न करता घरभर धाकही तसाच.

नवतप्यात, म्हणजे मे-अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, शेजारची गाय पाहायला आलेल्या ढोरांच्या डॉक्टरनं आमच्या ओसरीवर पसरलेल्या ठाणेदाराची मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली. ती फार सावकाश खाली बसली.

"पानी कमी पडते याले. बोका हाये, लघवी तुंबली तं एक-दोन दिवसांत जीव जाते. किलोमागं 50 मिली पकडा."

ठाणेदार 4 किलोचा. किराणा दुकानाच्या काट्यावर, थैलीसकट. म्हणजे खाण्यातलं धरून रोज 200 मिली.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मागच्या उन्हाळ्यात मुतखड्यानं मी गडबडा लोळलो होतो. तेव्हापासून रात्री माझ्या खाटेशी भरलेला गडवा असतो, आणि सकाळी तो तसाच भरलेला सापडला की दिवसाची सुरुवात भजनानं होते. आता घरात दोन रुग्ण झाले.

मांजराचे पूर्वज वाळवंटातले, उंदराच्या अंगातल्या पाण्यावर भागवणारे; म्हणून त्याला तहान कमीच लागते, असं डॉक्टर म्हणाले. ठाणेदारानं उंदीर केव्हाच सोडलेत. भाचीनं नागपूरहून आणलेलं कोरडं खाणं त्याला आवडतं. त्यात पाणी जेमतेम दहा टक्के.

पहिल्या दिवशी वाटी ठेवली. संध्याकाळी ती अर्धी. "पेला रे बापा माहा बोका!" म्हणत मायनं त्याची दृष्ट काढली. मला शंका आली. दुसऱ्या दिवशी तेवढंच पाणी भरून दुसरी वाटी चाळणीखाली झाकून ठेवली. तीही तेवढीच उतरली. पाणी नवतपा पेला होता.

मग कळलं, अरुंद वाटीत मिशा टेकतात, ते म्हणे काही मांजरांना खपत नाही. पसरट भांडं म्हणून परात घेतली.

"मंग कनीक का तुमच्या डोस्क्यावर भिजवू?"

खाण्यापासून लांब ठेवा म्हणून पाणी देवघरापाशी नेलं. तिथं मायनंच दोनदा लाथाडलं. दूध देऊ म्हटलं, तर मोठ्या मांजरांना बहुतेक ते पचत नाही. मासोळी उकळली, पण कांदा-लसूण मांजराला विषासारखा, म्हणून कशाशिवाय. तिखट, मसाला काही नसलेली ती मासोळी बघून शेजारच्या काकाजींनी घरात कोणी आजारी आहे का, असं हळूच विचारलं. ठाणेदारानं वास घेतला, आणि मातीनं झाकतात तसा पंजानं फरशी ओरबाडून निघून गेला. कूलरच्या टाकीतलं गढूळ पाणी मात्र त्याला चालायचं. पण कूलरला करंट येतो, तेव्हा तिथूनही हाकलला.

त्याच आठवड्यात माझा गडवा सकाळी चार बोटं उतरलेला सापडू लागला. बायको खूश. "चला, सुरुवात तं झाली!" मला पाणी पेल्याचं आठवत नव्हतं, पण कौतुक कोण नाकारतो? झोपेत पेत असेन.

पाचव्या रात्री लप-लप आवाजानं जाग आली. ठाणेदार त्या अरुंद गडव्यात तोंड खुपसून, मिशा दोन्हीकडून दुमडून, सेकंदाला चारदा जीभ चालवत होता. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून घेतले.

आता पाण्यात किडे पडतात म्हणून बायको गडव्यावर पेला झाकते. तिला झोप लागली की मी तो काढून ठेवतो.