मासे तरंगले नाहीत, म्हणून नदी निरोगी?

काल एका ऑनलाइन व्याख्यानात सोन्याच्या खाणींची बाजू मांडणाऱ्या एका सल्लागारांनी निवळशंख पाण्याचे छायाचित्र दाखवले. त्याखाली ठळक अक्षरांत ‘मत्स्यमृत्यू : शून्य’ असे लिहिले होते, आणि नदी सुदृढ असल्याचा निर्वाळा देऊन ते पुढच्या मुद्द्याकडे वळले. माशांच्या मांसातील पारा तपासला होता का, असे मी लेखी विचारले, तर ‘एकही मृत मासा आढळलेला नाही’ हेच वाक्य त्यांनी पुन्हा वाचून दाखवले. प्रश्न मांसाचा, उत्तर मढ्यांचे! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली, ती अजून शमलेली नाही.

पाऱ्याने मासे सहसा असे धडाधड मरत नाहीत, हे या क्षेत्रात वावरणाऱ्याला ठाऊक नसेल, यावर मी विश्वास ठेवू शकत नाही. वाळूतील सोन्याचे कण पकडण्यासाठी वापरलेला पारा धुपून नदीत जातो, सोने वेगळे करताना वाफ होऊन हवेत उडतो आणि पावसाबरोबर पुन्हा खाली येतो. मग तळाच्या प्राणवायू नसलेल्या गाळात जिवाणू त्याचे मिथाइलमर्क्युरी, म्हणजे सजीवांच्या शरीरात साठत जाणारे विषारी संयुग, करतात. ते शेवाळातून किड्यांत, किड्यांतून लहान माशांत आणि तिथून शिकारी माशांत चढत जाते, आणि शिकारी माशाच्या स्नायूंत त्याचे प्रमाण भोवतालच्या पाण्याच्या लाखो पट होऊ शकते. म्हणूनच पाण्याचा नमुना ‘मर्यादेत’ येतो आणि मासा मर्यादेबाहेर असतो. जाळ्यात तो धडधाकट दिसतो. पण त्याची संप्रेरके घटलेली असू शकतात, अंडी कमी पडतात, शिकाऱ्याला चुकवण्याची चपळाई मंदावते. यातले काहीही पाण्यावर तरंगत येत नाही.

निवळ पाण्याचे कौतुक तर मला मुळीच सहन होत नाही. खाणीतून बाहेर काढलेल्या दगडातील पायराइटला (लोह आणि गंधक असलेल्या खनिजाला) हवा आणि पाणी लागले की आम्ल तयार होते, ते दगडातले धातू विरघळवते, आणि असे आम्लधर्मी पाणी कित्येकदा आरशासारखे नितळ दिसते. जिथे नदीचा तळच यंत्राने उपसला जातो, तिथे उलट पाणी गढूळ होते. बारीक गाळ कल्ल्यांच्या नाजूक पापुद्र्यांवर बसतो, त्यावर चिकट स्राव साचतो, पापुद्रे जाड होत जातात, आणि मासा कल्ल्यांची झाकणे भराभर उघडमिट करत तेवढाच प्राणवायू मिळवण्यासाठी धडपडतो. खड्यांच्या फटींत घातलेली अंडी त्याच गाळाखाली गुदमरतात. न जन्मलेल्या माशांची नोंद ‘मत्स्यमृत्यू’च्या कोणत्या रकान्यात होते, हे मला कोणीतरी सांगावे.

मेलेलेच मासे हवे असतील, तर तेही जगाने पाहिले आहेत. 30 जानेवारी 2000 रोजी रोमानियातील बाया मारे येथे सोने काढणाऱ्या प्रकल्पाचा बांध फुटून सुमारे 1 लाख घनमीटर सायनाइडयुक्त पाणी नद्यांत शिरले, तिसा नदीतून डॅन्यूबपर्यंत गेले, आणि एकट्या हंगेरीत हजार टनांहून अधिक मासे मेले. सायनाइड पेशींना प्राणवायू वापरूच देत नाही, म्हणून तिथे मृत्यू लगेच दिसला. असे काही घडले की त्याला ‘अपघात’ म्हणायचे आणि मढी दिसली नाहीत की ‘परिणाम शून्य’ म्हणायचे, म्हणजे कसेही झाले तरी खाण निर्दोषच!

त्यातच मासे नीट शिजवून खाण्याचा सल्ला देणाऱ्यांचा मला अनेक वर्षांपासून संताप आहे. मिथाइलमर्क्युरी मांसातील प्रथिनांना बांधलेले असते. ते धुऊन, उकळून किंवा तळून जात नाही. मग गर्भवतींनी मोठे मासे टाळावेत, अशी सूचना निघते. पारा ओतणाऱ्याला मुभा आणि पथ्य मात्र नदीवर जगणाऱ्या बाईला. पाऱ्याच्या वापराला आळा घालण्यासाठी 2013 साली स्वीकारलेल्या मिनामाटा या आंतरराष्ट्रीय कराराच्या मूळ मजकुरानेही छोट्या खाणकामातील पारा ‘कमी करावा आणि शक्य तिथे संपवावा’ एवढेच म्हटले, अंतिम तारीख दिली नाही. वजनातील फरकाने सोन्याचे कण वेगळे करून टाकणखाराच्या साहाय्याने थेट वितळवण्याची पाराविरहित पद्धत छोट्या खाणकामगारांनी प्रत्यक्ष वापरलेली आहे, तरीही नद्यांत पारा पडतोच आहे.